नारळाचा लाक्षणिक अर्थ

२१ जुलै, सोमवार

घटक चाचणीचे पेपर तपासून संपले. दहावी अ, इंग्रजी. 'खालील ओळीतील अलंकार ओळखा' या प्रश्नाला वर्गाने काय काय लिहिलंय ते इथे उतरवत नाही. वहीचा अपमान होईल. एक नमुना पुरे. सनी भोईरने 'सिमिली'च्या जागी 'फॅमिली' लिहिलं. स्पेलिंग मात्र बिनचूक.

दुपारी मुख्याध्यापक कडू सरांनी बोलावलं. फार गोड बोलले. कडू सर गोड बोलले: ऑक्झिमोरॉन, विरोधी शब्दांची जोडी. पोरांना हे उदाहरण द्यायचं.

म्हणाले, घरत सर, तुम्ही म्हणजे समुद्र. पण आमच्या पोरांच्या हातात तांब्या आहे. एका वाक्यात दोन मेटाफर! सतरा वर्षांच्या सहवासाचा परिणाम, दुसरं काय. मग म्हणाले, ऑगस्टमध्ये विस्तार अधिकारी तेजस्वी मॅडम शाळा बघायला येतायत. दहावीचा इंग्रजीचा तास बघणार आहेत. तो बघून दहावी कोणाकडे ठेवायची ते ठरवू. पूनम मॅडमना मी विचारून ठेवलंय.

पूनम मोकल. आठवीला इंग्रजी शिकवते. तिच्या अख्ख्या वर्गाला अलंकारात पूर्ण मार्क. तिची पद्धत अशी की ओळीत 'लाइक' किंवा 'अ‍ॅज' दिसलं की डोळे मिटून सिमिली लिहायचं. डोळे मिटून! भाषेचा आत्मा असा डोळे मिटून सापडतो? मी म्हणतो, ज्या पिढीला उपमा ओळखता येते पण ती का दिली हे कळत नाही, ती पिढी उद्या कोणाच्याही भाषणाला टाळ्या वाजवेल. माझ्या भाषणाला वाजवतात ते कळून वाजवतात, ती गोष्ट निराळी.

दहावी माझी आहे. या पट्ट्यात मला 'दहावीचे घरत सर' म्हणूनच ओळखतात. मांडव्याच्या जेट्टीवर तिकीट देणारा मुलगा अजूनही मला बघून उभा राहतो. तो इंग्रजीत नापास झाला होता, पण उभा राहतो.

संकल्प: प्रस्तावना दहा मिनिटांच्या वर न्यायची नाही. विषयांतर बंद. शुक्रवारपर्यंत सिमिली, मेटाफर, पर्सॉनिफिकेशन उरकून सोमवारी थेट सिम्बॉलिझम. तेजस्वी मॅडमना असा तास दाखवायचा की त्यांनी तालुक्याला सांगत सुटावं.

२२ जुलै, मंगळवार

सिमिलीची प्रस्तावना उत्कृष्ट झाली. आदिमानवाने आकाशातली वीज पहिल्यांदा पाहिली तेव्हा तो तिला काय म्हणाला असेल, इथून सुरुवात केली. तिथून ग्रीस. ग्रीसवरून रोम. रोममध्ये जरा जास्त वेळ गेला. आपल्याकडे पोहोचलो तोवर घंटा झाली.

सिमिली राहिली. पण पाया असा भरलाय की वर सात मजले चढवावेत. शेवटच्या बाकावर दोघेजण डोळे मिटून ऐकत होते.

२४ जुलै, गुरुवार

सिमिली घेतली. 'अ‍ॅज ब्रेव्ह अ‍ॅज अ लायन.' सनीने हात वर केला. सर, आपल्याकरं शिंह हाय कुटं? मुद्दा रास्त. म्हटलं, ठीक, तुमच्या अनुभवातली उपमा द्या. सनी उभाच होता. 'अवर सर इज लाइक अ जनरेटर.' कारण विचारलं. म्हणाला, एकदा चालू झाला का त्याच्या आवाजान दुसरा कायच आयकू येत न्हाय.

वर्ग हसला. मी रागावलो नाही. उपमेय, उपमान, दोघांतलं साम्य, तिन्ही जागच्या जागी. पूर्ण मार्क दिले. जनरेटर लाइट गेल्यावरच चालू करतात, हाही अर्थ त्याच्या मनात असणारच. सगळीकडे अंधार आणि मी चालू. पोरगा खोल आहे.

२८ जुलै, सोमवार

मेटाफर. पुस्तकातलंच उदाहरण घेतलं, 'द कॅमल इज द शिप ऑफ द डेझर्ट.' माझी चूक एवढीच की अर्ध्या वर्गाच्या घरी बोट आहे हे मी विसरलो. शिप म्हटल्याबरोबर चौकशी सुरू. उंटाला इंजिन किती सिलिंडरचं? बर्फ कुठे भरतात? तांडेल कोण, म्हणजे सुकाणू कोणाच्या हातात? सनीने तर विचारलं, सर, आता पावसालाची मासेमारी बंद हाय, म्हंजे उंट किनाऱ्यावर ओढून ठेवला आसंल ना?

मैत्री राऊत म्हणाली, सर, रूपक आहे म्हणून सोडून द्या ना, पुढे चला. मैत्री वर्गातली हुशार मुलगी. जरा जास्तच हुशार. पण 'सोडून द्या' हा शब्द माझ्या कोशात नाही. वादात उतरलो. उंट आणि जहाज यांच्यात काय घ्यायचं आणि काय सोडायचं यावर कडाडून बोललो. वाळवंटाचं वर्णन करता करता माझाच घसा कोरडा पडला. हा परिणाम प्रत्येक वक्त्याला साधत नाही.

तास संपला तेव्हा उंट किनाऱ्यावर ओढलेलाच होता. वर ताडपत्री घातली होती म्हणे.

३० जुलै, बुधवार

नवा प्रयोग. जीवनात उतरल्याशिवाय अलंकार येत नाही. वर्गात जाहीर केलं की यापुढे रजेचा अर्ज इंग्रजीत आणि मेटाफरसकट आला तरच मंजूर करीन. पोरांच्या डोळ्यांत अशी चमक मी या वर्षी पहिल्यांदा पाहिली.

पूनमला असलं सुचणार नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

आज बंदी उठली. बोटी पाण्यात ढकलायचा दिवस. वर्गात मैत्री आणि नारळाच्या वाडीकडची चार पोरं. बाकी सगळ्यांचे अर्ज टेबलावर. 'माय स्टमक इज अ व्होल्केनो.' सगळ्यांचं एकच वाक्य. सनीने 'व्होल्केनो'च्या पुढे 'अँड लाव्हा इज कमिंग' असं जोडलंय. याला विस्तारित रूपक म्हणतात. त्याला कोणी शिकवलं? मी.

कडू सर वर्गाच्या दारात उभे. विचारलं, पोरं कुठायत? मी अर्ज दाखवले. त्यांनी एक वाचला, दुसरा वाचला, चष्मा काढून पुसला. म्हणाले, एवढे ज्वालामुखी एकाच गावात, सर? आणि सगळे आजच?

मी म्हटलं, मेटाफर घटना सांगत नाही सर, अनुभव सांगतो. ते चष्मा डोळ्यांवर चढवून गेले. विचारात पडलेले दिसले.

स्टाफरूममध्ये पूनम तिचा तक्ता घेऊन आली. सर, हवा तर वापरा, पोरांना मार्क तरी पडतील. मी नम्रपणे नाकारला. म्हटलं, तक्ता ही कुबडी आहे. तर म्हणते कशी, सर, पाय मोडलेल्याला कुबडीच लागते, भाषण नाही लागत.

जमलंय तिला. प्रामाणिकपणे मान्य करतो. माझं रूपक माझ्याच हातातून घेऊन पुढे नेलं. शेवटी विद्यार्थिनी कोणाची? दहावीला माझ्याच वर्गात होती. तेव्हाही खिडकीपाशी बसून गुपचूप स्वतःची टिपणं काढायची.

ठरवलं. आता थेट सिम्बॉलिझम. हवेतलं बोलायचं नाही. समोर वस्तू ठेवायची आणि तिच्यातून अर्थ काढायचा. नारळ! या किनाऱ्याचं याहून मोठं प्रतीक नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

स्वयंपाकघरातला नारळ पिशवीत घालून नेला. टेबलावर ठेवला. बराच वेळ गप्प राहिलो. गप्प राहणं हेही वक्तृत्वच आहे. मला ते क्वचित जमतं, आज जमलं. मग विचारलं, व्हॉट इज धिस?

कोकोनट.

पुन्हा पाहा. मनाच्या डोळ्यांनी पाहा. सनी पुढे वाकून बघून म्हणाला, सर, नारलच हाय. फोराचा कवा?

मैत्रीने परवानगी न मागता उचलला, कानाशी हलवला. सर, पाणी आटलंय याचं, आत गोटा झालाय. कोणी दिला हा तुम्हाला? वाडीवाल्याची मुलगी, तिचं बरोबरच असणार. पण मला तर विजेचा झटकाच बसला. बाहेरून अखंड आणि आतून आटलेला! आजचा माणूस! मग मी थांबलो नाही. आजच्या माणसाच्या आटलेपणावर असा बोललो की शेजारच्या वर्गातले जोशी सर दार लावून घ्यायला आले. शेवटी मूठ आपटून म्हणालो, प्रतीकाच्या बाहेर उभे राहू नका, आत शिरा!

पोरं भारावली होती. सनी नारळाकडे एकटक बघत होता.

५ ऑगस्ट, मंगळवार

पोरं आत शिरली. मधल्या सुट्टीत. शाळेच्या पायरीवर.

करवंटीवरून कडू सरांचा पाय घसरला. पडले नाहीत. सनीला उभा केला. म्हणतो, तुमीच बोल्लाव ना सर, आत शिरा. गोटाच व्हता, मैत्री बरोबर बोल्ली. माझ्या टेबलावर कागदात गुंडाळून माझाही वाटा ठेवला होता. गोड होता.

या घटनेकडे मी असं पाहतो: सतरा वर्षांत वर्गाने माझी एखादी सूचना इतक्या तंतोतंत पाळल्याचं स्मरत नाही.

घरी आमच्या सौ. केसरने विचारलं, पुनवेच्या नारळीभाताचा नारळ कुठे गेला? म्हटलं, शिक्षणाच्या कामी आला. म्हणाली, पोरांना इंग्रजी आलं? म्हटलं, येईल. मग येईपर्यंत दुसरा नारळ आणा, म्हणाली.

आणायचा राहिला. पाठाच्या तयारीत होतो.

९ ऑगस्ट, शनिवार. नारळी पौर्णिमा. संध्याकाळी

आजचा दिवस वक्ता म्हणून अविस्मरणीय.

कोळीवाड्याची मिरवणूक बंदरावर आली. सोनेरी कागद लावलेला नारळ, बँड, लुगडी, सगळा थाट. काशिनाथ तांडेल म्हणाले, सर, आलायव तर दोन शब्द बोला. वर्गात प्रतीकावर बोलून घसा तयारच होता. समुद्राला नारळ देणं म्हणजे काय, इथून सुरुवात केली. माणूस सर्वांत कठीण ते देतो आणि त्याच्या आत सर्वांत गोड ते असतं, हे वाक्य तिथल्या तिथे सुचलं. बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली. काही तर खाली बसलेही.

मधेच एक म्हातारी ओरडली, सर, दर्या चालला! पाठोपाठ दोघातिघांनी तेच. दर्या चालला, दर्या चालला! अंगावर काटा आला. निर्जीवाला मनुष्यपण देणं, पर्सॉनिफिकेशन, ते या माणसांच्या ओठांवर असं सहज! मी हात उंचावून म्हणालो, होय, दर्या चालतो, दर्या बोलतो, दर्या ऐकतो! आणि त्यावर आणखी थोडं बोललो.

भाषण संपवून वळून पाहिलं तेव्हा ओहोटी लागून पाणी पार लांब गेलं होतं. पाटावरचा नारळ घेऊन मंडळींना घोट्याघोट्याएवढ्या चिखलातून जावं लागलं. लुगडी वर खोचून बायका माझ्याकडे वळून वळून बघत होत्या. तांडेल म्हणाले, सर, फुडच्या वर्साला तुमी आदी बोला, सकाली.

सकाळचं निमंत्रण आत्ताच पक्कं झालं.

घरी नारळीभात नव्हता. साधा भात होता. केसर काही बोलली नाही. मौन हेही वक्तृत्वच आहे.

११ ऑगस्ट, सोमवार

बुधवारी तेजस्वी मॅडम येणार. आज रंगीत तालीम. वर्गाला उत्तरं सांगून ठेवली. मी विचारीन, नारळ कशाचं प्रतीक? मैत्री उठून सांगेल, त्यागाचं. सनी सांगेल, बाहेरून कठोर आणि आतून मऊ अशा थोर माणसाचं. तेव्हा सनीने माझ्याकडे बघायचं.

हे पूनमसारखं पाठांतर नव्हे. हा पूर्वसंस्कार आहे.

मैत्रीने विचारलं, सर, पण तुम्हीच सांगता ना, प्रतीकाचे अर्थ अनेक असतात? म्हटलं, असतात. बुधवारी एकच आहे.

सनीने विचारलं, सर, तुमच्याकरं बगून हसायचा का गंभीर ऱ्हायाचा? गंभीर, म्हटलं. त्याने करून दाखवलं. सनीला हसूच शोभतं.

केसरने नवा नारळ दिलाय. परत आणायच्या बोलीवर.

१३ ऑगस्ट, बुधवार. संध्याकाळी

मनातला संताप कागदावर उतरवल्याशिवाय चहा घ्यायचा नाही असं ठरवलंय. चहा निवतोय.

तेजस्वी मॅडम शेवटच्या बाकावर. शेजारी कडू सर. प्रस्तावना मी निर्दयपणे कापली. फक्त रोम ठेवलं. मग नारळ. मग मौन. मग प्रश्न, व्हॉट डझ इट सिम्बलाइझ?

मैत्री उठली. आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, सर, इट मीन्स यू आर रिमूव्ह्ड फ्रॉम युअर जॉब.

 मग शेवटच्या बाकावरून हसू फुटलं. अधिकारी हसतायत! मॅडमनी मराठीतच विचारलं, ते कसं काय गं? ही धिटाईने सांगत सुटली. मॅडम, माझ्या मामाला कंपनीने नारळ दिला. म्हणजे हातात काही दिलं नव्हतं. घरी आला तेव्हा रिकामाच होता. पण आजी रडायला लागली, मामाला नारळ दिला म्हणून. मी लहान होते, त्याच्या पिशवीत नारळ शोधत बसले. मग कळलं की नारळ खरा नव्हता, अर्थ खरा होता. यालाच सिम्बॉल म्हणतात ना?

मॅडम म्हणाल्या, अगदी यालाच.

वर्ग टाळ्या वाजवतोय, कडू सर मान हलवतायत, आणि मी? टेबलावर मंगल श्रीफळ ठेवून उभा! मी हे सहन करणार नव्हतो. म्हटलं, चूक! साफ चूक! हा बाजारू, अपशकुनी अर्थ झाला. नारळ म्हणजे सन्मान. शाल आणि श्रीफळ! आपल्या संस्कृतीत ज्याच्या हाती नारळ देतात त्याच्यापुढे समाज झुकतो. हे मी असं ठासून सांगितलं की घंटा कोणाला ऐकू आली नाही. पुढचा तास गणिताचा होता. गणिताचे सर खिडकीबाहेर उभे राहून ऐकत होते. पूर्ण तास.

मैत्री खाली बसली होती. सनीला गंभीर राहायची संधीच मिळाली नाही.

नंतर ऑफिसात तेजस्वी मॅडमचे उद्गार, शब्दशः: सर, तुमची वाणी वर्गात मावत नाही. हायपरबोली, म्हणजे अतिशयोक्ती, पण मनापासूनची. पुढे म्हणाल्या, तुमच्यासारख्यांनी दहावीत किती वर्षं अडकून पडायचं? आता मोकळे व्हा. आणि कडू सरांकडे बघून म्हणाल्या, ती मुलगी मात्र हुशार आहे हं, तिला नीट शिकवणारं कोणीतरी द्या.

म्हणजे मैत्रीकडे मी आणखी लक्ष द्यायचं. देईन.

रागाच्या भरात नारळ शाळेतच राहिला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

कडू सरांनी बाजूला घेतलं. उद्या झेंडावंदनानंतर तुमचा छोटासा सत्कार ठेवलाय, सर. मी विचारलं, कशाबद्दल? त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, सर, काही गोष्टी बोलून दाखवण्यापेक्षा करून दाखवलेल्या बऱ्या.

अंदाज होताच. जिल्ह्याचा तज्ज्ञ मार्गदर्शक नेमायचा आहे असं मध्यंतरी कानावर आलं होतं. प्रशिक्षण दिवेआगरला असतं. समुद्र, सुपारीच्या बागा, समोर जिल्ह्यातले सगळे इंग्रजीचे शिक्षक आणि माइक माझ्या हातात.

भाषण तयार केलं. उत्स्फूर्त वाटेल असं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

मैत्रीच्या अर्थाचा जाहीर पराभव.

कडू सर बोलले. दहावीच्या इंग्रजीची धुरा घरत सरांनी सतरा वर्षं समर्थपणे वाहिली. 'वाहिली.' भूतकाळामुळे वाक्याला काय वजन येतं! मग शाल. मग श्रीफळ, शेंडीसकट. दोन्ही हातांनी दिलं. मी दोन्ही हातांनी घेतलं.

मागून सनी ओरडला, सरांना नारल दिला रे! अख्खं मैदान हसलं, टाळ्या, शिट्ट्या. पालकसुद्धा. पोरांचं प्रेम असं फुटतं तेव्हा आवरता येत नाही. कडू सरांना इतकं भरून आलं की रुमालात तोंड लपवून मागे वळले. पूनमने मान खाली घातली होती. असूया माणसाला झुकवते.

नव्या जबाबदारीचीही घोषणा झाली: पायाभूत इंग्रजी, आणि शाळेच्या सर्व कार्यक्रमांचं सूत्रसंचालन. पायाभूत! ज्याच्यावर सगळी इमारत उभी ते! मी चाळीस मिनिटं आभार मानले. लहान मुलं मधेच उन्हामुळे सावलीत गेली.

पांगापांग होताना झेंड्याच्या खांबाजवळ मैत्री भेटली. ती एकटी हसत नव्हती. म्हणाली, सर, सॉरी. बुधवारच्या चुकीबद्दलच, दुसरं काय. नारळ तिच्यासमोर धरून म्हटलं, बघ, हा खरा अर्थ. तिने नारळाकडे पाहिलं. डोळे भरले होते. पोरीला अखेर उमगलं.

घरी केसरने नारळ उलटसुलट करून पाहिला. कोणी दिला? मुख्याध्यापकांनी. सगळ्यांसमोर? सगळ्यांसमोर, शालीसकट. थोडा वेळ हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग म्हणाली, हातपाय धुवा. आज नारळीभात करते.

दोनदा वाढला. स्वतःच्या हाताने.

१८ ऑगस्ट, सोमवार

सकाळी दहावीवर गेलो. पूनम फळ्यापाशी. फळ्यावर ठळक अक्षरांत: लाइक, अ‍ॅज. मला वाटलं, सत्कारानंतर माझ्यासमोर पाठ दाखवून मार्गदर्शन घ्यायचं असेल. मागे जाऊन बसलो आणि म्हटलं, चालू द्या.

ती खडू ठेवून बाकापर्यंत आली. हळूच म्हणाली, सर, तुमचा तास पाचवी ब वर आहे. वेळापत्रक बदललंय. म्हटलं, छापताना चूक झाली असेल. वर्गात कोणी हसलं नाही. सनीसुद्धा नाही. हे मला विचित्र वाटलं.

कडू सरांकडे गेलो. त्यांनी बसा म्हटलं. पाणी दिलं. म्हणाले, सर, शुक्रवारी दिला ना तुम्हाला.

काय दिलं?

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. नारळ, सर.

मी म्हटलं, मिळाला. चांगला निघाला. भरपूर पाणी होतं.

कडू सरांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, सर, तुम्ही मला ज्येष्ठ. मी तोंडावर कसं बोलायचं? म्हटलं, स्पष्ट बोलायचा संकोच वाटत असेल तर लाक्षणिक अर्थाने बोला. मी समजून घेईन.

ते म्हणाले, तेच केलं ना सर.

१९ ऑगस्ट, मंगळवार

रजा टाकली. अर्ज साध्या इंग्रजीत लिहिला.

केसरला विचारलं, तुला कधी कळलं? शुक्रवारीच, म्हणाली. नारळ हातात घेतल्याबरोबर. मग बोलली का नाहीस? म्हणाली, किती खूश होतात तुम्ही. म्हटलं शनिवार-रविवार तरी जाऊ दे.

अन्यायाविरुद्ध लढणार आहे. स्टाफ मीटिंगमध्ये घणाघाती बोलणार. नंतर समजलं की मीटिंगचं सूत्रसंचालनही माझ्याकडेच आहे. त्यामुळे मला फक्त इतरांची नावं पुकारायची आहेत.

संध्याकाळी एसटी स्टॉपवर सनी भेटला. मॅडमनी काल एका तासात सगळे अलंकार संपवले म्हणे. सगळ्यांना आले. मला म्हणतो, सर, आता वरसभर करायाचा काय? आनि म्याडमच्या तासाला झोपपन न्हाय लागत.

क्षणभर उभारी आली. घरी येऊन वाक्य पुन्हा आठवलं तेव्हा गेली.

संकल्प: पाचवीला अलंकार शिकवणार. लहान वयात बीज पडलं तर पाच वर्षांनी हीच पोरं दहावीत जातील. तेव्हा बघू कोणाकडे असते दहावी.

२० ऑगस्ट, बुधवार

पाचवी ब. हजेरी घेतली. पहिल्या बाकावर काशी नावाची मुलगी, दोन वेण्या, एक दात पडलेला. उभी राहिली आणि म्हणाली, सर, तुमाला दहावीवरना काढलं ना?

सवयीने वाक्य तपासलं. कशाला कशाची उपमा दिलेली नाही. एकाला दुसरं काही म्हटलेलं नाही. निर्जीव वस्तू बोलत नाही. निदान अतिशयोक्ती असेल म्हणून पुन्हा एकदा पाहिलं. तीही नव्हती.

हो म्हटलं.

बरं, म्हणाली. खाली बसली आणि पुस्तकाचं कितवं पान काढू म्हणून विचारलं.